यादीतले बाबा

३ फेब्रुवारी

धाकट्या,

तू बरा आहेस असं धरून चालते, कारण बरा नसतास तर तुझं पत्र आलं असतं. फोन मात्र करू नकोस. कोपऱ्यावरचा दुकानदार रिसीव्हर आपल्या हातात देतो, पण स्वतःचा कान काही काढून घेत नाही. मागे तू आईच्या पोटाचं विचारलंस, तर संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती तिच्या पोटाची चौकशी करत होती.

आता कामाचं. खाणीच्या कडेची आपली वस्ती या खेपेला खरंच उठवणार. परवा माणसं आली, टेप धरून मापं घेतली आणि दारादारावर लाल रंगाने आकडे काढून गेली. आपल्या दारावर सत्तेचाळीस. नव्या इमारतीत खोल्या देणार आहेत, पण सगळ्यांना नाही. ऑफिसातल्या फळ्यावर लिहिलंय की ज्या घराचं नाव मतदारयादीत आहे आणि येत्या मतदानात ज्या घरातलं निदान एक मत पडेल, ते घर 'वसतं'. एकही मत नसेल तर घर 'रिकामं'. रिकाम्याला खोली नाही, मशीन सरळ आत घालणार. हे थापा मारतायत असं म्हणून सोडून देऊ नकोस. पंपापलीकडच्या तीन घरांवर गेल्या वर्षी असंच 'रिकामं' लिहून गेले. आत माणसं जेवायला बसली होती.

आता आपल्या घरातला तमाशा ऐक. यादीत बाबा आहेत. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण यादीत ठणठणीत! आणि आई नाही. बाबांचं नाव काढायचा अर्ज मीच दिला होता, कारकुनाने बाबांच्याऐवजी आईवर रेघ ओढली. दोनदा तिला हातगाडीवर घालून ऑफिसात नेलं, म्हटलं ही बघा, हिला विचारा. तर म्हणाले, जिवंत असल्याचा दाखला आणा. दाखला कोण देतं? तर तेच ऑफिस, दुसरी खिडकी. दुसऱ्या खिडकीवर म्हणाले, यादीत नाव नसलेल्याला दाखला मिळत नाही. मी तर माहेरी परत आलेली. माझं नाव सासरच्या यादीत, ते तिथून काढायला नवऱ्याची सही लागते, आणि नवरा कुठे आहे हे त्याला जन्म देणाऱ्या बाईलाही माहीत नाही.

राहिलास तू एकटा. मतदान एकवीस मार्चला, रविवारी आहे. एक दिवस ये. बोटाला शाई लावून घे आणि वाटल्यास त्याच संध्याकाळच्या गाडीने परत जा. तुला जेवायलासुद्धा थांब म्हणणार नाही, मग तर झालं?

आईचा डावा हात अजून उचलत नाही. जीभ मात्र दोन्ही हातांचं काम करते.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवसभर जहाजाच्या पोटात उतरून गंज खरवडतो आम्ही. वर आलो की कानात हातोड्या वाजत असतात आणि डोळ्यांत लाल भुकटी असते. तेव्हा दोनदा वाचलं हे खूप समज.

येणं अवघड दिसतंय. जहाज मार्चअखेर पाण्यात सोडायचंय आणि मुकादम रजेचं नाव काढलं की अंगावर येतो. शिवाय तू हे मत मत काय लावलंयस? बाबांनी जन्मभर मतं टाकली. काय मिळालं? एक खांब. त्यावर दिवा पुढच्या निवडणुकीला लावतो म्हणाले होते, ती निवडणूक होऊन तिच्यानंतरची आली. खांबाला बायका कपडे वाळत घालतात. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं माणसाने? आपण मत दिलं काय आणि न दिलं काय, निवडून येणारे गाडीत बसून निघून जातात आणि आपण धूळ खातो.

आईच्या नावाचंच काहीतरी बघ. तू एवढी बोलकी, तुझ्यापुढे कारकून तो काय टिकणार!

इकडे एक बरं झालं. मला गेटचा वर्षाचा पास मिळाला. आधी रोज सकाळी रांगेत उभं राहून मुकादमाच्या तोंडाकडे बघावं लागायचं, आज घेतो की नाही. आता पास दाखवला की आत. आम्हा चाळीस जणांना मिळालाय. आईला सांग, खूश होईल.

धाकटा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

घडा पालथा आहे हे मला कळत नाही असं वाटतं तुला? तो खांब मी रोज बघते. त्यावर वाळणाऱ्या कपड्यांत माझीही साडी असते.

पण मला सांग, मी सहा वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात उभी आहे. रक्ताच्या, पुवाच्या चादरी सोड्याच्या पाण्यात ढवळते, कोपरापर्यंत कातडं सोललंय. तिथे मला नाव नाही. मी 'टब तीन'. 'ए टब तीन, झोपलीस का?' सासरी असताना एकदाच मत दिलं होतं. टेबलामागच्या माणसाने माझं नाव वाचलं, अगदी पूर्ण, मोठ्याने. ज्या बाईकडे मी भांडी घासायचे ती रांगेत माझ्या मागे होती. ती सवयीने पुढे घुसायला गेली, तर तो माणूस म्हणाला, 'थांबा, आधी त्यांचं होऊ द्या.' त्यांचं! मला! घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. तू पण हस.

बाबांचं आठवतं? मतदानाच्या दिवशी सकाळी सातला दाढी करून, धुतलेला सदरा घालून तयार. खाणीतले सगळे जोडीदार त्यांना न्यायला दारात. म्हणायचे, 'मत टाकलं की पाच वर्षं शिव्या द्यायचा परवाना मिळतो. न टाकता शिवी देणारा फुकट्या.' आणि खरं सांगू का, आपण भीतीनेही जातो. मोठ्या माणसाने मत दिलं नाही तरी तो मोठाच राहतो. आपल्या नावापुढे टिक नसली तर उद्या कोणी विचारायला आला की आपण होतो कशावरून? दुसरा कागद दाखव आपल्याकडे असलेला.

पास मिळाला, छान झालं. पण पास मिळालेल्या माणसाला एका दिवसाची रजा मिळत नाही? तू लहानपणी खोटं बोलताना जसा भलतंच काहीतरी सांगायचास तसा पासचं सांगतोयस. तिकडे कोणी बाई आहे का? असली तर सांग, मी काय खाणार आहे तिला? की इथे आलास तर आईला घेऊन जा म्हणेन याची धास्ती वाटते? नाही म्हणणार. मी आहे तिला बघायला. फक्त ये.

ताई


३ मार्च

धाकट्या,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. घात झाला.

काल शाळेच्या भिंतीवर नवी यादी लागली. चौथ्या पानावर आपलं घर. बाबा आहेत. त्यांच्या खाली तू नाहीस. बोटाने वरखाली शोधलं, शेजारच्या पोरीकडून पुन्हा वाचून घेतलं, नाहीस म्हणजे नाहीस.

मी टब तसाच सोडून ऑफिसात धावले. कारकून तोच, ज्याने आईला उडवलं तो. म्हणाला, 'तुमच्या भावानेच नाव काढायचा अर्ज केलाय.' म्हटलं, माझा भाऊ दोन दिवसांच्या वाटेवर जहाज खरवडतोय, तो इथे अर्ज द्यायला उडत आला होता का? तो कसलासा कागद पुढे करायला लागला. धाकट्या, माझं डोकंच फिरलं. जाळीतून हात घालून मी त्याची कॉलर धरली. 'आधी माझ्या आईला मारलंस, आता भावाला मारतोस?' कॉलरचं बटण माझ्या हातात आलं. तो कागद ओढून मी तिथल्या तिथे फाडला. रांगेतल्या बायका 'अजून दे त्याला' म्हणून ओरडत होत्या. वॉचमनने दंडाला धरून मला पायरीवर आणून सोडलं. तोवर लई शूर होते मी, मग पायरीवर बसून मुठीतलं बटण बघत राहिले.

धुलाईखान्यात परतले तर टब तीनवर दुसरी बाई उभी. बाई म्हणजे पोरगीच, हात अजून कोरे होते तिचे. सुपरवायझर म्हणाला, आता रोज सकाळी येऊन बघायचं, काम असलं तर देऊ.

ते असू दे. तू ताबडतोब स्वतःच्या हाताने लिहून सही करून पाठव की मी असा अर्ज कधीच केलेला नाही. बारा तारखेच्या आत पोचलं पाहिजे. सरळ पोस्टात जा, जेवण राहू दे. आईला मी अजून सांगितलेलं नाही.

ताई


४ मार्च

ताई,

तुझं वीस तारखेचं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरतोय. बाई कोणी नाही गं. बाई असती तर सांगायला सोपं होतं.

नोव्हेंबरात मुकादमाने आम्हाला शेडमध्ये एकत्र बसवलं. त्याचा मेव्हणा इथल्या वॉर्डात उभा आहे. म्हणाला, फॉर्म भरा, या शेडच्या पत्त्यावर तुमचं नाव यादीत लागेल आणि भरणाऱ्याला वर्षाचा पास. न भरणाऱ्याने आपली वळकटी उचलावी. फॉर्म त्याच्या माणसाने भरले. आम्ही नुसत्या सह्या ठोकल्या.

मला वाटलं नाव दोन्हीकडे राहील. आईशप्पथ. शेडमधल्या सगळ्यांनाच तसं वाटलं. त्या दिवशी आम्ही केवढे हसलो, म्हटलं साहेबाला एक मत आणि आपल्याला दोन दोन! माझ्या शेजारच्या खाटेवरचा रंगारी म्हणाला, नाव दोन गावांत आहे तर बायकाही दोन करू. जन्मात पहिल्यांदा कुठली तरी गोष्ट गरजेपेक्षा जास्त मिळाली असं वाटत होतं. जानेवारीत एक जण गावी जाऊन आला आणि त्याने सांगितलं, तिकडचं नाव गेलं. फॉर्मच्या खाली ओळ होती की जुन्या पत्त्यावरचं नाव काढून टाकावं. तिथेही माझी सही आहे. मी वाचलीच नाही. वाचता येतं मला, तरी वाचली नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला हे ठाऊक होतं. म्हणून खांब, घडा असलं काहीबाही लिहिलं. तुला वाटू दे मी मगरूर झालोय, पण गाढव ठरायला नको म्हणून.

आता मी काय करू ते सांग. तिकडे आलो तर माझं नाव नाही. इथे थांबलो तर मत मुकादमाच्या मेव्हण्याला. मत आहे माझ्याकडे, पण ते माझ्या आईच्या कामाचं नाही. आईला कसं सांगशील? की सांगूच नकोस?

धाकटा


१० मार्च

धाकट्या,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं हातात पडलं तेव्हा मी दारातच बसून वाचलं. आईने विचारलं, काय म्हणतो? म्हटलं, बरा आहे म्हणतो.

तुला काय बोलू? शिव्या पुष्कळ आठवल्या, पण पोचेपर्यंत शिळ्या होतील. मी एका माणसाची कॉलर फाडली, माझं काम घालवलं, आणि कागदावर सही तुझी होती. तो बिचारा तीच दाखवत होता मला.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. बटण परत दिलं. त्याने ते खिशात टाकलं, आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, 'बाई, पूर्ण वॉर्डाची नावं मी एकट्याने उतरवली. तुमच्या आईवर रेघ माझ्याच पेनाने गेली, ते मला तुम्ही त्यांना घेऊन आलात तेव्हाच कळलं. कबूल केलं असतं तर नोकरी गेली असती. मला तीन मुली आहेत.' तुझ्या नावाचं विचारलं तर मान हलवली. मतदान होईपर्यंत काही होत नाही म्हणाला.

परवा चष्मेवाला आला होता. पुढाऱ्याचा माणूस, घरोघर चिठ्ठ्या वाटतो तो. म्हणाला, 'रडता कशाला? तुमचे वडील आहेत ना यादीत? त्यांचं कार्ड माझ्याकडे द्या. आमचा एक माणूस त्यांच्या नावाने मत टाकून येईल, घराला टिक लागेल, विषय संपला. लाजू नका, तुमच्या वस्तीत असे अकरा मेलेले आहेत.'

मी कार्ड काढायला पेटी उघडली. आईने उजव्या हाताने झाकण दाबून धरलं. तेवढ्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. म्हणाली, 'ज्याने त्यांना कधी पाहिलं नाही, तो त्यांचं नाव लावून उभा राहणार? चुलीत घाल ती खोली.' मी म्हटलं, 'खोली नसली तर चूल कुठे घालशील?' मग मला सगळंच सांगावं लागलं. तुझी सही, तुझा पास, सगळं. दोन दिवस आम्ही दोघी बोललो नाही. दारावरचा आकडा तेवढा दोघींकडे बघत होता.

आज सकाळी मी तिचे केस विंचरत होते. मधेच म्हणाली, 'धाकट्याचं कपाळ बापाचं आहे.' मी गुंता सोडवत राहिले. थोड्या वेळाने म्हणाली, 'चालतोही तसाच, एक खांदा खाली टाकून.'

पकडलं तर तुरुंग आहे. चष्मेवाल्याने ते हसत हसत सांगितलं. मी तुला ये म्हणत नाही. ती काय बोलली तेवढं कळवते.

ताई


१५ मार्च

ताई,

येतोय. मुकादमाला आई वारली म्हणून सांगितलंय. यादी बघितली तर खोटंही नाही.

एकवीसला सकाळी पोचेन. बाबांना शेवटी मिशी होती ना? ठेवतोय. सहा दिवसांत येईल तेवढी येईल. सदरा काढून ठेव. घरातून निघताना आईने माझ्याकडे बघू नये, एवढं तिला सांग.

धाकटा


२८ मार्च

ताई,

अख्खा दिवस घरात होतो, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तू वाढलंस ते जेवलो आणि गाडी धरली. म्हणून आता लिहितो.

रांगेत माझ्या पुढे खाणीतले म्हातारे होते. बाबांच्या बरोबरीने छिन्नी-हातोडा चालवलेले, छातीत दगडाची धूळ भरलेले. त्यातल्या चौघांनी बाबांना खांदा दिला होता. एकानेही मला 'कधी आलास?' म्हणून विचारलं नाही. तेव्हाच समजलो की त्यांना समजलंय. एकाने माझ्या खिशातलं कार्ड वर आलेलं पाहिलं आणि बोटाने ते आत ढकललं. बस, तेवढंच.

टेबलाशी तुझा कारकून बसला होता. कॉलरचं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलेलं. त्याने कार्ड उघडलं आणि नाव वाचलं. बाबांचं, मग आजोबांचं, मग आडनाव. मोठ्याने आणि सावकाश. चार वर्षांत कोणी बाबांचं नाव असं घेतलं नव्हतं गं. मग त्याने विचारलं, 'कुणाची हरकत?' पलीकडच्या पक्षातर्फे बाबांच्या जोडीदाराचा मुलगा बसला होता. त्याला लहानपणी बाबांनीच खाणीच्या पाण्यातून केस धरून बाहेर ओढलं होतं. तो वहीत बघत राहिला. चष्मेवाला चष्मा पुसत बसला. आणि मागची रांग! ताई, त्या म्हाताऱ्यांना दोन वाक्यं खोकल्याशिवाय बोलता येत नाहीत. त्या वेळी एक जणही खोकला नाही.

कारकुनाने वर पाहिलं. कार्डावर वय पासष्ट, समोर मी चौतीसचा, सहा दिवसांची मिशी लावून. म्हणाला, 'या आजोबा, बोट पुढे करा.'

आडोशाला गेलो आणि तिथे अडकलो. मत कोणाला द्यायचं? माझं असतं तर कोणालाच दिलं नसतं. पण ते बाबांचं होतं, आणि बाबांनी कोणाला दिलं असतं हे मला माहीत नव्हतं. ते होते तोवर मी त्यांना कधी विचारलंच नाही. ते दाढी करून जायचे, यायचे, मी टिंगल करायचो. कितीतरी वेळ उभा होतो. बाहेरून कारकून म्हणाला, 'आजोबा, झालं का?' मग खांब पुरून दिवा न लावणारा जो, त्याला सोडून दुसऱ्याला दिलं. बाबांना ते चाललं असतं असं धरून चालतो.

इकडे परतलो तर माझी वळकटी गेटबाहेर. शेडमधली चाळीस मतं मोजून ठेवली होती, एकोणचाळीस पडली. मी म्हटलं, घरी मयत होती. मुकादमाने माझा हात धरून उताणा केला आणि बोट बघितलं. म्हणाला, 'तुमच्याकडे आईला पोचवताना शाई लावतात का रे?' सगळे हसले. रंगारी नाही हसला. पास फाडून माझ्याच हातात दिला. आता धक्क्यावर ताडपत्रीखाली असतो आणि दोर वळायच्या जागी मिळेल ते करतो. आईला यातलं काही सांगू नकोस.

पण एक तुला सांगायचंच आहे. पालथा घडा वगैरे मी जे लिहिलं होतं ते परत घेतो. घडा पालथाच आहे, ते नाही परत घेत. पण त्या टेबलापुढे उभं राहिल्यावर माणसाला काय होतं ते मला आता माहीत आहे. नाव दुसऱ्याचं होतं तरी झालं. ताई, मला एकदा माझ्या नावाने तसं उभं राहायचंय. मतदान झालंय, आता तू माझं नाव परत आपल्या घरी लावून घे. कारकून ओळखीचा झालाय तुझ्या. काय कागद लागतील ते कळव, या खेपेला प्रत्येक ओळ वाचून सही करीन.

धाकटा


९ एप्रिल

धाकट्या,

सहा तारखेला पाहणी झाली. चष्मेवाल्याने आधीच बजावलं होतं की यादीत नसलेलं माणूस घरात सापडलं तर 'घुसखोर' लिहितात आणि टिक असली तरी घर जातं. म्हणजे आई घुसखोर आणि मी पण. मी पंपाच्या रांगेत जाऊन उभी राहिले. आईला लांब नेता येईना, म्हणून तिला शेजारच्यांच्या पायरीवर टेकवून बसवलं. तिथून आमच्यात दहा पावलं असतील. सगळं ऐकू येत होतं.

साहेब तरुण होता, बरा होता. आपल्या दारावरचा आकडा बघितला, यादी बघितली, टिक बघितली. आईला विचारलं, 'आजी, या घरातला माणूस कुठे आहे?'

आई म्हणाली, 'कामाला गेलाय.'

'कधी येतो?'

'अंधार पडला की.'

त्याने यादीत पुन्हा पाहिलं. 'बायको वारलेली दिसते.'

मी कळशी घट्ट धरली. आई म्हणाली, 'हो. बिचारी.'

'तुम्ही कोण?'

'मी शेजारीण. उन्हाला बसलेय.'

त्याने 'वसतं, माणसं एक' असं लिहिलं आणि चिठ्ठी तिच्याकडे देऊन म्हणाला, 'आले की त्यांना द्या.' तिसऱ्या मजल्यावर एक खोली. मी पळत आले. बाबा गेले तेव्हा आई रडली नव्हती, तुला आठवत असेल. लोक म्हणाले दगड आहे. त्या दिवशी पायरीवर बसून ती मोठमोठ्याने रडली. माझ्या हातात चिठ्ठी देऊन म्हणाली, 'त्यांना खोली मिळाली गं.' जन्मभर दुसऱ्यांच्या भिंतींसाठी दगड फोडले त्यांनी, ते मिळाली हे ऐकायला नाहीत.

आता तुझ्या नावाचं. लगेच कारकुनाकडे गेले होते. त्याने मला खुर्ची दिली. चिठ्ठी उलटी करून मागचं छापलेलं वाचून दाखवलं. एका माणसाच्या खोलीत दुसरं नाव लागत नाही. ज्याच्या नावाने खोली आहे त्याचं मत दर निवडणुकीला पडलं पाहिजे, एकदा चुकलं की खोली काढून घेणार. बाबा वारले म्हणून कळवलं तर खोली त्याच दिवशी जाईल. तुझं नाव इथे येत नाही, धाकट्या. आईचंही नाही, माझंही नाही. आम्ही दोघी बाबांच्या खोलीत पाहुण्यासारख्या राहणार आहोत, साहेब आला की जिन्यात जाऊन बसायचं. तुझं नाव त्या शेडच्या पत्त्यावरच राहू दे, नाहीतर तिथूनही जाशील. आणि तिथे उभं राहायला आता तुला कोणी आत सोडणार नाही, हे मला कळतं. मला माफ कर. मी तुला फक्त एक दिवस ये म्हटलं होतं.

पास गेल्याचं आईला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, त्यावरून तिला ठाऊक असावं.

पुढचं मतदान पाच वर्षांनी आहे, तेव्हा तुला यावं लागेल. आईचा निरोप आहे की मिशी काढू नकोस. केस पिकायला लागले तर पिकू दे, काळे करू नकोस. आणि अंगाने सुटू नकोस म्हणाली, ते सडपातळ होते.

ताई